शेपूट घासणारी घोडी : स्वीट इच असलेलं जनावर कसं सांभाळायचं

रेवा आमच्याकडे आली ती डिसेंबरात, सारंगखेड्याच्या बाजारातून. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत घोडी बघताना माणूस काय बघतो? चाल बघतो, दात बघतो, पाय उचलून खूर बघतो, भोवरे बघणारे अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. रेवा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, मारवाडी वळणाची, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. शेपटीच्या मुळाशी केस जरा आखूड होते, पण ते कुणाच्या डोळ्यांत भरणार?

जुलै संपेपर्यंत तिच्या शेपटीचा वरचा वीतभर भाग उंदराच्या शेपटीसारखा झाला होता. तबेल्यामागच्या आंब्याच्या खोडावर, बरोबर तिच्या पुठ्ठ्याच्या उंचीला, साल घासून गुळगुळीत पट्टा पडला होता आणि सालीच्या भेगांत काळे केस अडकलेले. तबेला बघणारे मामा म्हणाले, "ताई, खोड हाय ती. मिरचीचं पाणी लावा शेपटाला, आपोआप सोडंल."

खोड नव्हती. हा स्वीट इच, म्हणजे चिलटांच्या चाव्याने सुटणारी खाज. नावात गोडवा असला तरी साखरेशी याचा काही संबंध नाही. पहिल्यांदाच घोडा पाळणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण पहिल्या पावसाळ्यात मी जवळपास प्रत्येक गोष्ट उलट क्रमाने केली. आधी औषधं आणली, मग मलमं, मग फवारे, आणि घोडीला बांधायची वेळ सगळ्यात शेवटी बदलली. फरक पडला तो त्या शेवटच्या गोष्टीने.

आधी शत्रू ओळखा

हा त्रास एका चिलटामुळे होतो. शास्त्रीय नाव क्युलिकॉइड्स. लांबी एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे डासासमोर अगदीच किरकोळ. संध्याकाळी बांधावर बसलं की घोट्याला आग होते आणि खाली बघावं तर काहीच दिसत नाही, ते बहुधा हेच. मेंढ्यांमध्ये नीलजिव्हा हा रोग पसरवणारं चिलटही याच कुळातलं. चावते फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं.

चावा सगळ्याच घोड्यांना बसतो. रेवाच्या शेजारी दावणीला असलेला आमचा बादल नावाचा तट्टू त्याच चिलटांत उभा राहून निवांत कडबा खातो. फरक रेवाच्या शरीरात आहे. चिलटाच्या लाळेतल्या प्रथिनांशी तिचं शरीर गरजेपेक्षा जास्त जोराने लढतं, आणि त्या लढाईची खाज तिला होते. थोडक्यात, ही ॲलर्जी आहे. म्हणून एका घोड्याची दुसऱ्याला लागत नाही, एकदा जडली की सहसा कायमची जात नाही, आणि दहा चावे कमी झाले तर तेवढी खाज कमी होते. सगळा इलाज या शेवटच्या गोष्टीवर उभा आहे.

आइसलँडची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथल्या घोड्यांना हा आजार माहीतच नव्हता, कारण त्यांना चावणारं हे चिलट त्या बेटावर नव्हतं. तेच घोडे मोठे झाल्यावर युरोपात विकले गेले, की जिथे चिलटं जास्त तिथे दोनेक वर्षांत निम्म्याच्या आसपास घोड्यांना खाज सुटते. लहानपणापासून चिलटांत वाढलेल्या त्यांच्याच जातीच्या शिंगरांना त्या मानाने कमी. कोरड्या मुलखातला घोडा भातखाचरांच्या मुलखात आणताना मला आता ही गोष्ट आठवते. रेवाला हा त्रास आधीपासून होता की इथे येऊन वाढला, हे ती सांगणार नाही आणि विकणाऱ्याने सांगितलं नाही.

पहिली पायरी : खाज कुठे आहे ते बघा

घोडी उजेडात उभी करा आणि हाताने चाचपा. नुसतं लांबून बघू नका. स्वीट इचच्या जागा बऱ्याच ठरलेल्या आहेत: आयाळीचं मूळ, मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा, शेपटीचं मूळ, काही जनावरांत पोटाखालची मधली रेघ, कानांच्या कडा. बोटांना आधी केस तुटलेले लागतात, खुंटासारखे. मग खपल्या, थोडी चिकट लस. जुनं दुखणं असेल तर मानेच्या वरच्या कातडीला आडव्या घड्या पडलेल्या असतात, जाड आणि कोरड्या.

आयाळीखाली नखांनी हलकेच खाजवून बघा. रेवा लगेच मान लांब करून वरचा ओठ पुढे काढते आणि हलवते, जणू हवेतच कुणाला तरी खाजवते आहे. बघायला गंमत वाटते, पण ओठ असा हलला की आत खाज बरीच आहे असं समजा.

दुसरी खूण ऋतूची. हा त्रास पावसाळ्यात वाढतो, आमच्याकडे गणपती ते दिवाळी सर्वात वाईट, आणि थंडी कोरडी झाली की उतरतो. आषाढात पाऊस जास्त असला तरी वारा इतका असतो की चिलटाला उडता येत नाही. भाद्रपदात वारा पडतो, ऊन निघतं, जमीन मात्र ओलीच असते. चिलटाला याहून जास्त काय हवं?

दुसरी पायरी : डॉक्टरांना दाखवा

ही पायरी गाळू नका, कारण खाजणारं प्रत्येक जनावर स्वीट इचचं नसतं.

फक्त शेपूट घासत असेल आणि मान स्वच्छ असेल, तर गुदद्वाराजवळ अंडी घालणारे जंत असू शकतात. तिथल्या कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की कळतं. भर थंडीत खाज सुटली, केसांत हालचाल दिसली, तर उवा. पायांच्या खालच्या भागात जास्त असेल आणि घोडा पाय आपटत असेल, तर खरजेचे किडे. गोल गोल चकत्यांसारखे केस गेले असतील तर गजकर्ण, आणि ते माणसालाही लागतं.

पावसाळ्यात भरून न येणारी, आत पिवळट खड्यांसारखे कण असलेली जखम ही वेगळीच गोष्ट. तिला आपल्याकडे बरसाती म्हणतात, आणि इंग्रजांच्या काळातल्या पशुवैद्यांनी हा शब्द जसाच्या तसा आपल्या पुस्तकांत नेला. ती पोटातल्या जंतांच्या अळ्या माश्यांनी जखमेवर आणून सोडल्याने होते. स्वीट इचच्या घोड्याने घासून जखम केली की बरसातीला आयतीच जागा मिळते, त्यामुळे दोन्ही एकत्रही दिसतात.

दोन गोष्टींत मात्र एक दिवसही थांबू नका. ताप येऊन जाऊन, वजन घटत, पोटाखाली आणि पायांवर सूज असेल तर सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार, असू शकतो. त्याची तपासणी रक्तावर होते. आणि अंगावर गाठी येऊन फुटत असतील, नाकातून पू येत असेल, तर ग्लँडर्स या जिवाणूंच्या संसर्गजन्य रोगाची शंका घ्यावी लागते. तो माणसाला होतो, जीवघेणा आहे, आणि त्याची खबर सरकारला देणं कायद्याने बंधनकारक आहे. अशा जनावराला उघड्या हातांनी शिवू नका आणि बाकीच्या घोड्यांपासून लगेच वेगळं बांधा.

गावात घोड्याची सवय असलेले डॉक्टर मिळणं अवघड, हे मला मान्य आहे. गाई-म्हशी बघणारे डॉक्टर चांगलेच असतात, पण घोड्याची औषधं आणि मात्रा वेगळ्या. 1962 या टोल फ्री नंबरवर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. परळचं किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडत असेल तर एकदा घेऊन जाणं वाया जात नाही. जाताना फोटो न्या, तारखेसह.

तिसरी पायरी : घोडीचं घड्याळ बदला

एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही करा. फुकटची आहे.

चिलटं सगळ्यात जास्त चावतात ती सूर्य मावळायच्या आधी तास-दीड तासापासून अंधार पडून थोडा वेळ होईपर्यंत, आणि पुन्हा पहाटे. ढगाळ, दमट, वारा नसलेल्या दिवशी ती दिवसभरही सोडत नाहीत. आमचा आधीचा दिनक्रम असा होता: दिवसभर ऊन म्हणून घोडी आत, आणि चार वाजता "आता गारवा आहे" म्हणून चरायला बाहेर, सात-साडेसातपर्यंत. म्हणजे मी रोज तिला चिलटांच्या पंगतीला ताट म्हणून वाढत होते.

आता ती सकाळी साडेआठच्या सुमाराला बाहेर जाते आणि चारला आत येते. जुलैत आमच्याकडे सूर्य सव्वासातला मावळतो, ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमाराला, त्यामुळे दिवाळीजवळ आत यायची वेळ तीनवर जाते. दुपारी चरायला जागा उघडी, उंचावरची, वारा लागणारी निवडा. हे चिलट उडायला फार दुबळं आहे, साधी झुळूक त्याला भारी पडते. नाल्याकाठचा हिरवागार तुकडा कितीही मोह घालो, तिथे घोडी सोडू नका. माळावर गवत कमी असेल तर कडबा तिथे नेऊन टाका.

मामांना हे पटायला महिना लागला. "चारला आत? घोडं हाय का कोंबडी?" असं ते म्हणत. सप्टेंबरात शेपटीच्या मुळाशी नवे केस उगवलेले त्यांनीच मला बोलावून दाखवले.

चौथी पायरी : तबेला

आत बांधलं म्हणजे वाचलं असं नाही. चिलट आतही येतं, फक्त कमी येतं.

पाणी आणि लीद यांच्यापासून सुरुवात करा. या चिलटाच्या अळ्या शेण-लीद मिसळलेल्या ओल्या चिखलात वाढतात. हवा उबदार असेल तर अंड्यापासून चिलट व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून उकिरडा तबेल्याला लागून नको, जमेल तेवढा लांब हवा, आणि लीद रोज उचलून आठवड्याच्या आत तबेल्याच्या आसपासची जागा कोरडी व्हायला हवी. पाण्याच्या हौदाखालची गळती सगळेच विसरतात. आमच्या हौदाचा नळ थेंबथेंब गळत होता आणि खाली बशीएवढा चिखल कायम होता. मुठीत घेतला तर त्यात लीद, कडब्याचा चुरा, शेवाळ, सगळं होतं. नळाला वायसर दहा रुपयांचा लागला.

शेजारची भातखाचरं काही आपण हटवू शकत नाही. तबेला बांधायचाच असेल तर खाचरापासून दोन-चारशे मीटर तरी लांब आणि वाऱ्यावर बांधा. बांधून झाला असेल तर पुढे वाचा.

जाळीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी मारली की झालं, असं वाटतं. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून हे चिलट आरामात आत येतं. आमच्या मावळात गुलाबाची पॉलिहाऊसं आहेत, त्यांना बारीक किडीसाठी जी 40 मेशची (एका इंचात 40 भोकं) इन्सेक्ट नेट लावतात ती आणा. शेतीमालाच्या दुकानात मीटरवर मिळते. तिने हवा मात्र अडते, म्हणून तिच्या जोडीला पंखा हवाच.

आणि पंख्याचं काय सांगावं! सगळ्यात मोठा पैसा वसूल तिथे झाला. भिंतीवरचा मोठा पंखा घोडीच्या पाठीवर आणि शेपटीवर वारा लागेल असा तिरपा लावला आहे, तिची मान पोचणार नाही इतक्या उंचीवर, वायर लोखंडी पाइपातून. वाऱ्यात चिलट उतरूच शकत नाही. वीज जाते ती नेमकी संध्याकाळी, म्हणून पंख्यापुरता इन्व्हर्टर ठेवला. पंखा घेताना दोनदा विचार केला होता. जाळी जर एकाच खिडकीला मारण्याइतके पैसे असतील तर ते आधी पंख्याला द्या, असं मी आता सांगते.

संध्याकाळी तबेल्यातली ट्यूबलाइट बंद ठेवा. चिलटं उजेडाकडे येतात. त्यांची मोजणी करणारे लोक त्यांना दिव्याच्या सापळ्यातच पकडतात. काम असेल तर बॅटरी वापरा.

कडुनिंबाच्या पाल्याची धुरी? गोठ्यात आपण करतो. उघड्यावर, वारा घोडीकडून तिकडे जात असताना, थोडा वेळ ठीक. बंद तबेल्यात नको. धूळ आणि धुराला घोड्याची फुप्फुसं फार नाजूक असतात, खाज वाचवायला जाऊन खोकला घेऊन बसाल.

घासण्याच्या जागाही बघा. ती घासणारच, मग निदान जखम होऊ नये. खिळे, काटेरी तार, पत्र्याच्या कडा काढा. आंब्याच्या खोडाला मी गोणपाटाचे चार थर गुंडाळले आहेत.

पाचवी पायरी : झूल

परदेशात स्वीट इचसाठी खास शिवलेल्या झुली मिळतात. मान, पोट, शेपटीचं मूळ, सगळं झाकणाऱ्या. मागवायला महाग, आणि मापाला येतील याचा भरवसा नाही. आम्ही गावातल्या टेलरकडून शिवून घेतली.

कापड निवडताना मी तीन चुका केल्या. पहिली झूल मच्छरदाणीच्या कापडाची केली. ती का चालत नाही, ते वर आलंच आहे. दुसरी पॅराशूटच्या कापडाची. तिच्यात घोडी दोन तासांत घामाने निथळली, आणि घामाने खाज आणखी वाढली. तिसरी चूक म्हणजे काळा रंग. शेवटी ब्लाउजला वापरतात ते सुती रुबिया घेतलं, फिकट रंगाचं. वीण घट्ट, वजन कमी, हवा खेळते. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारायची: फुंकर पलीकडे लागली पाहिजे आणि उजेडासमोर धरल्यावर भोकं दिसता कामा नयेत. आमच्या घोडीला सहा-सात मीटर लागलं.

टेलर काकांनी आयुष्यात घोड्याचं माप घेतलं नव्हतं. छातीला टेप लावताना रेवाने त्यांच्या कानावर टांगलेली पेन्सिल उचलली. पण शिवण त्यांनी सुरेख केली. लक्षात ठेवायच्या जागा अशा: मानेचा भाग वेगळा शिवून खांद्याला मोठ्या घड्या ठेवा, नाहीतर चरायला मान खाली घातली की ओढ बसते. पोटाखालून रुंद पट्टा आणि शेपटीवर झडप ठेवा. खांद्याच्या टोकावर आतून सॅटिनचा तुकडा लावा, तिथे केस घासून जातात. पट्ट्या अशा बांधा की पाय अडकला तर शिवण उसवेल, पाय मोडणार नाही.

झुली दोन हव्यात. भिजलेली झूल रात्रभर अंगावर ठेवली तर कातडी सोलवटते. रोज एकदा काढून खरारा करा, झुलीच्या आत बघा, काटा-कुसळ असेल तर काढा.

सहावी पायरी : कातडी

ज्या भागात खाज आहे तिथे लोखंडी खरारा लावू नका. तळहाताने किंवा मऊ ब्रशने करा. खपल्या ओढून काढायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही. ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं सुती फडकं दहा मिनिटं ठेवा, सुटतील तेवढ्या सुटतील.

आठवड्यातून एकदा थंड किंवा कोमट पाण्याने सौम्य शाम्पूने धुवा. लस येत असेल, वास येत असेल, तर डॉक्टर क्लोरहेक्सिडिनचा, म्हणजे जंतुनाशक, शाम्पू देतील. तो लावून लगेच धुतला तर फुकट, घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा. मग नीट धुवून, पंख्याखाली पूर्ण सुकवून मगच झूल. ओल्या केसांवर झूल घातली की दुसरंच दुखणं सुरू होतं.

कोरड्या, घड्या पडलेल्या कातडीला कोरफडीचा ताजा गर किंवा खोबरेल आम्ही लावतो. थंडावा मिळतो, केस मऊ राहतात. यातून आजार बरा होत नाही, हे लक्षात असू द्या.

पावसाळ्यात उघडी जखम रोज, अगदी रोज, बघा. शेपटी उचलून, आयाळ दोन्हीकडे करून. अळ्या पडायला एक-दोन दिवस पुरतात. पडल्या तर घरी टर्पेंटाइन ओतत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. धनुर्वाताची लस चालू आहे ना, हेही तेव्हाच तपासा, कारण घोडा धनुर्वाताला फार पटकन बळी पडतो.

सातवी पायरी : फवारे, आणि काय लावू नये

परमेथ्रिनसारखी कीटकनाशक औषधं घोड्यावर चालतात, पण घोड्यासाठी ठरलेल्या मात्रेतच, डॉक्टरांना विचारून. फवारा घामाने आणि पावसाने धुऊन जातो, म्हणून बाटलीवर लिहिलेल्या दिवसांवर विसंबू नका. परमेथ्रिन मांजरांना आणि पाण्यातल्या माशांना विषारी आहे. तबेल्यात मांजर असेल तर ओल्या घोड्याजवळ तिला येऊ देऊ नका आणि उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नका.

कडुनिंबाचं आणि करंजाचं तेल आपल्याकडे जुनं आहे. नुसतं लावलं तर काही घोड्यांची कातडी लाल होते. खोबरेलात पातळ करून आधी खांद्यावर रुपयाएवढ्या जागी लावा, एक दिवस बघा, मग बाकी ठिकाणी. उघड्या जखमेवर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी अमिट्राझ नावाचं औषध औषधाच्या दुकानात सहज मिळतं. ते घोड्याला लावू नका. घोड्यात त्याने आतड्यांची हालचाल मंदावते, आतडं तुंबतं आणि जीवघेणी पोटदुखी होते. दुकानदार "जनावराचं आहे, चालतं" म्हणेल. चालत नाही. बाटलीवरचं घटकाचं नाव स्वतः वाचा.

फिनाईल, रॉकेल, जळकं ऑईल, मिरचीचं पाणी: प्रत्येक गावात यातलं एक तरी कुणीतरी सुचवतं. आधीच सोललेल्या कातडीवर हे म्हणजे आग.

आठवी पायरी : पोटातली औषधं

इथे मी कमी लिहिणार, कारण हा डॉक्टरांचा प्रांत आहे. ॲलर्जीच्या साध्या गोळ्यांनी काही घोड्यांना फरक पडतो, काहींना अजिबात नाही. स्टेरॉइडने खाज झपाट्याने थांबते, आणि तिथेच धोका आहे. इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत घोडी शांत, मालक खूश, दर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. स्टेरॉइडने घोड्याला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला दाह, होण्याचा धोका असतो. जाड, गळ्यावर चरबी असलेल्या, गोड चंदीवर वाढलेल्या घोड्यात तो जास्त. खूर गरम लागला, घोडी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागली, तर तातडीने कळवा. घोडी गाभण असेल तर इंजेक्शनाआधीच सांगा. हातघाईवर आलेल्या आठवड्यासाठी स्टेरॉइड ठीक, पूर्ण पावसाळ्यासाठी नाही.

खाण्यातून थोडी मदत होते. कॅनडात आइसलँडच्या काही घोड्यांना जवस खायला घालून पाहिलं, तेव्हा चिलटाच्या अर्काने कातडीवर उठणारी गांध लहान झाली होती. घोडे अगदी मोजके होते, त्यामुळे यावरून उड्या मारू नयेत, पण जवस आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात पिकतो, स्वस्त आहे, आणि केसांना चकाकी येतेच. ताजा दळून एका मुठीपासून सुरू करा. आख्खा दाणा जसाच्या तसा लिदीतून बाहेर पडतो. भिजवून तासन् तास ठेवू नका. लसूण खाऊ घातला की चिलट लागत नाही, असं सांगणारे भेटतील. जास्त लसणाने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि पंडुरोग होतो. आम्ही घालत नाही.

वर्षाचा हिशोब

तयारी मे महिन्यात करा, खाज सुटल्यावर नाही. एकदा कातडी सोलली की तिथलं रक्त आणि लस आणखी माश्या बोलावते. वळवाचा पहिला पाऊस पडला की त्याच आठवड्यात झूल बाहेर काढा. दर रविवारी शेपटी, आयाळ आणि पोटाचा त्याच अंतरावरून एक फोटो काढा. खाली एक ओळ लिहा: वारा होता का, कितीला आत आणली, घासली का. दोन पावसाळ्यांनंतर ही वही माझ्यासाठी कोणत्याही औषधापेक्षा जास्त कामाची ठरली. रेवाचे वाईट आठवडे पावसाचे नाहीतच, उघडीप पडल्यानंतरच्या पाच-सहा दिवसांचे आहेत, हे मला त्या वहीतूनच कळलं.

हा कल आनुवंशिक आहे, म्हणून रेवापासून आम्ही पैदास करत नाही. शिंगरू देखणं होईल यात शंका नाही, पण ते खाजही घेऊन येऊ शकतं.

आणि घोडा विकत घेणार असाल तर: आपल्याकडचा मोठा घोडेबाजार डिसेंबरात भरतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा या आजाराचे घोडे सर्वात छान दिसतात. आयाळ बाजूला करून मानेच्या माथ्यावर बोट फिरवा. आडव्या, कोरड्या घड्या लागल्या, शेपटीच्या मुळाशी केस खालच्यापेक्षा आखूड आणि ताठ असले, किंवा मध्येच पांढरे केस उगवलेले दिसले, तर भाद्रपदातला फोटो मागा. मोबाइलात प्रत्येकाकडे असतो. आयाळ बारीक कापलेली असेल तर का कापली ते विचारा. घोडा तरीही आवडला तर घ्या, पण किमतीतून पंखा, जाळी आणि दोन झुलींचे पैसे वजा करून. विकायची वेळ आली तर समोरच्याला आपणहून सांगा, आणि झूल त्याच्याबरोबर द्या. टेलर काकांनी ती रेवाच्या मापाची शिवली आहे, बादलला ती गुडघ्यापर्यंत येते.